मुसकं बांधलेलं गुऱ्हाळ

पुष्कळ वर्षांमागची गोष्ट. गाड्यांच्या चाकोरीलाच तेव्हा लोक रस्ता म्हणत, आणि राजाचा हुकूम टोकाच्या गावात पोचेपर्यंत कधीकधी राजाच बदललेला असे. त्या काळी एका राज्याच्या टोकाला, ओढ्याच्या काठी, एक गुऱ्हाळ होतं.

गुऱ्हाळ काही मोठं नव्हतं. उसाचा रस काढायला एक चरक, चरक ओढायला दोन बैल, रस आटवायला एक काहील आणि काहिलीखाली धगधगणारं चुलवाण. काहिलीपाशी हातात लांब दांड्याचा झारा घेऊन गुळव्या उभा असे. रसाचा गूळ कधी झाला आणि काहील कधी उतरवायची, हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. बाकी ऊस तोडणारे, मोळ्या वाहणारे, चुलवाणात चिपाडं घालणारे असे वीसएक गडी-बाया हंगामभर तिथे राबत.

या गुऱ्हाळाच्या म्हाताऱ्या मालकाची एक रीत होती. काहील उतरली की ढेपा भरायच्या आधी तो झाऱ्याच्या टोकाने थोडा गरम गूळ पळसाच्या पानावर काढायचा, आणि त्या वेळी गुऱ्हाळावर जो कोणी परका माणूस असेल त्याच्या हातात द्यायचा. मग तो वाटसरू असो, भिक्षेकरी असो की शेजारच्या गावचा व्याही. त्याचं खाऊन होईपर्यंत म्हातारा समोर उभा राहायचा आणि मग विचारायचा, "कसा झालाय?"

राबणारे तर येताजाता खातच असत. बैलांच्या तोंडाला मुसकं, म्हणजे खाता येऊ नये म्हणून बांधतात ती जाळी, नसे. चरकाभोवती फिरता फिरता ते उसाचे हिरवे वाढे तोंडात धरत आणि रवंथ करत पुढची फेरी घेत. लोक म्हणायचे, "म्हातारा देऊन देऊन एक दिवस बुडणार." म्हातारा काही बुडाला नाही. पिकलं पान होतं, ते एके दिवशी गळून पडलं, आणि गुऱ्हाळ मुलाच्या हाती आलं.

हा मुलगा म्हणजेच आपल्या गोष्टीतला मालक. माणूस कष्टाळू. उठायला सगळ्यांच्या आधी, जेवायला सगळ्यांच्या नंतर. दुसऱ्याच्या काडीला हात लावायचा नाही आणि खोटं बोलायचं नाही, हे त्याला बापाने शिकवलं होतं आणि ते त्याने धरून ठेवलं होतं. फक्त एक होतं. कुठे काय सांडतंय, कुठे काय गळतंय, कोणाच्या तोंडात काय जातंय, हे त्याला इतकं दिसायचं की रात्री डोळे मिटले तरी दिसायचं.

अशात एकदा राजधानीहून राजाचा भांडारी आला. भांडारी म्हणजे राजाच्या कोठारांचा मुख्य. राजाने राज्यात ठिकठिकाणी अन्नछत्रं घालायचं मनावर घेतलं होतं आणि त्यांना दरवर्षी गाड्याच्या गाड्या गूळ लागणार होता. भांडारी चावडीवर बसून म्हणाला, "हंगाम संपला की ज्याला वाटेल त्याने आपला माल राजधानीत आणावा. ज्याचा गूळ पसंत पडेल त्याचाच शिक्का पुढे राजाच्या कोठारात चालेल. पण माल थोडाथोडका चालणार नाही, हे ध्यानात ठेवा."

मालकाच्या मनाने उचल खाल्ली. एका काहिलीच्या चार काहिली होतील. बापाच्या शिक्क्याची ढेप राज्यातल्या प्रत्येक पंगतीला फुटेल. बापाने आयुष्यभर जे जागच्या जागी ठेवलं ते आपल्या हातून वाढावं, अशी त्याची खरी मनापासूनची इच्छा होती. तीत वाईट काही नव्हतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पण माल जास्त हवा, तर तो आणायचा कुठून? मालक मळ्यात गेला. म्हातारा दरवर्षी मळ्याचा एक तुकडा उसाविना ठेवायचा. त्यात ताग पेरायचा, तो गाडायचा, आणि मातीला वर्षभर निजू द्यायचा. "निजलेल्या जमिनीला कोण पोसणार?" असं म्हणत मालकाने त्या तुकड्यातही ऊस लावला. जिथे ऊस होता तिथे पुन्हा ऊसच ठेवला. ऊस लवकर पोसावा म्हणून ओढ्यावर आणखी एक मोट बसवली आणि सऱ्या पाण्याने तुडुंब भरून ठेवल्या. ऊस वाढला. माणूस आत शिरला तर दिसू नये इतका वाढला.

मग हंगाम तोंडावर आला तसा मालक गुऱ्हाळाच्या गळतीकडे वळला.

पहिली काहील वरच्या तुकड्यातल्या उसाची होती, तिथे पाणी तुंबत नसे. त्या दिवशी तो एका बाजूला उभा राहून नुसतं पाहत होता. गुळव्याने बोटाला लागलेला गूळ चाटला. मोळ्या वाहणाऱ्या बाईने काकवीत भाकरी बुडवली. चुलवाणाशी बसलेल्याने उसाचं कांडकं दातांनी सोललं. बैलांची तोंडं चालूच होती. गावातली दोन म्हातारी माणसं काम काही नसताना येऊन बसली होती, आणि त्यांच्याही हातात पळसाचं पान होतं.

घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "हंगामभरात गाडीभर गूळ नुसता तोंडातोंडांत जातो."

"अहो, गूळ शिजतो तिथं चार मुंग्या यायच्याच," मालकीण म्हणाली. "मामंजींच्या वेळेपासून खातायत सगळे. आपलं काय अडलं कधी?"

"अडलं नाही, पण वाढलंही नाही. बाबांच्या वेळी एक काहील होती, आजही एकच आहे."

 मालकिणीने त्याच्या पानात भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी काथ्याची दोन मुसकी आली आणि बैलांच्या तोंडांवर चढली. तरुण बैलाने मान हिसडून पाहिली. म्हातारा बैल मुकाट उभा राहिला आणि मालकाकडे पाहत राहिला. बैलाला बोलता येत नाही हे एका परीने मालकांचं नशीबच.

बैलांचं झालं. पण बैल ते किती खाणार? तिसऱ्या दिवशी मालकाने सगळ्या गड्या-बायांना बोलावलं आणि प्रत्येकाच्या हातात एकेक धुवट फडकं दिलं.

"कामावर असताना हे तोंडाला बांधायचं," तो म्हणाला. "आपला माल राजाच्या कोठारात जायचाय. त्यात कोणाची थुंकी उडायला नको."

फडकी कशासाठी आहेत हे सगळ्यांना कळलं. मालकालाही माहीत होतं. पण थुंकीचं कारण बोलायला सोपं होतं, आणि गावात तर त्याची वाहवाच झाली. काय ती स्वच्छता, असं लोक म्हणू लागले.

गुळव्या मात्र फडकं हातात धरून उभाच राहिला. तो या गुऱ्हाळावर केस काळे असताना आला होता. थोरल्या मालकाने त्याला हाताला धरून झारा धरायला शिकवलं होतं, आणि या घराचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता.

"मालक, चाखायचंबी न्हाई?" त्याने विचारलं.

"चाखायचंही नाही. एकाला मुभा दिली की सगळे चाखतात. आणि मी तुम्हाला एक आणि मला एक असं करणार नाही. मीही चाखणार नाही. माझ्या घरातही नवी ढेप फुटणार नाही. ओढ्याच्या या काठाला जेवढा गूळ होईल तेवढा सगळा राजाचा."

"बरं," असं म्हणून गुळव्याने फडकं बांधलं. मग बाकीच्यांनीही बांधलं.

मालकाला त्या रात्री समाधानाची झोप लागली. नियम त्याने स्वतःलाही लावला होता, त्यामुळे आपण न्यायाने वागलो याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

गुऱ्हाळाभोवती आता बाभळीच्या काट्यांचं कुंपण आलं. वाटसरू कुंपणापाशी घोटाळत, वास घेत आणि पुढे जात. एके दिवशी एक धनगर आपली मेंढरं घेऊन आला. तो दरवर्षी याच सुमाराला यायचा. थोरला मालक त्याला पोटभर रस आणि वाटेसाठी गूळ द्यायचा, आणि त्या बदल्यात धनगर आपली मेंढरं आठ-पंधरा दिवस मळ्यात बसवायचा. मेंढरांच्या लेंड्यांनी माती लोण्यासारखी मऊ व्हायची. दोघांनी हा व्यवहार कधी बोलून ठरवला नव्हता.

"मालक, घोटभर रस मिळंल का?" कुंपणापलीकडून धनगराने विचारलं.

"यंदा नाही. यंदा सगळा माल राजाचा आहे."

"राजा लई पितो म्हणायचं," धनगर म्हणाला. त्याने घोंगडं खांद्यावर सारखं केलं, मेंढरांना शीळ घातली आणि तो ओढ्यापलीकडच्या शेतांकडे निघून गेला. मेंढरंही त्याच्यामागे गेली. मालकाला वाटलं, चला, एक खाणारा कमी झाला.

हंगाम असा चालू राहिला. पूर्वी काहील उतरताना बाया गाणी म्हणायच्या. आता तोंडाला फडकं बांधून कोण गाणार? गुऱ्हाळावर फक्त चरकाची करकर आणि चुलवाणाचा घुरघुराट ऐकू येई. मालकाला ती शांतता आवडली. काम कसं चोख चाललंय, असं तो स्वतःशीच म्हणायचा.

मळ्यात मात्र एक गोष्ट घडत होती. ऊस तोडून नेलेल्या जागी सकाळच्या वेळी मातीवर पांढरं दिसायचं. पातळसा थर, पीठ भुरभुरल्यासारखा. मालकाने तो पाहिला आणि चुलवाणाची राख वाऱ्याने उडून आली असेल असं ठरवून टाकलं. वाकून बोट लावून पाहायला त्याला सवड नव्हती.

ती राख नव्हती. जमीन पाण्याने तुंबली, तिला विसावा मिळाला नाही, की ती पोटातलं मीठ वर टाकते. आणि मिठातून वर आलेला ऊस ते मीठ रसात घेऊन येतो. हे ओढ्याकाठचं कोणीही सांगितलं असतं. पण सांगायचं कारण पडण्यासाठी आधी कोणाच्या तरी जिभेवर तो गूळ पडायला हवा होता.

एकदा गुळव्या मालकाकडे आला. "मालक, गूळ जरा मऊ पडतोय. ढेप म्हणावी तशी बसत न्हाई."

"यंदा थंडी कमी आहे," मालक म्हणाला.

"तसंबी असंल."

"आणखी काही?"

गुळव्याने थोडा विचार केला. चाखला असता तर आणखी काही सांगता आलं असतं. "न्हाई," तो म्हणाला आणि परत काहिलीपाशी जाऊन उभा राहिला.

संक्रांत आली. मालकीण म्हणाली, "तिळात घालायला मूठभर तरी नवा गूळ द्या. घरचं गुऱ्हाळ आणि माळ्यावरचा काळा पडलेला गूळ काढू का मी?"

"नियम म्हणजे नियम," मालक म्हणाला. त्या वर्षी त्यांच्या घरचा तिळगूळ जुन्या गुळाचा झाला. तो गोड होता, म्हणून कोणी काही बोललं नाही.

मालकाच्या मनातून एक गोष्ट मात्र जात नव्हती. वीस माणसं हातात गूळ असताना खात नाहीत, हे त्याला पटेना. तो उसाच्या गंजीमागे दडून पाही. कोणी फडकं खाली ओढतंय का, कोणी बोट चाटतंय का? कोणीच सापडलं नाही. तेव्हा त्याने असा निष्कर्ष काढला, की ही माणसं हुशार आहेत, मी पाठ वळवली की खात असणार. त्याने चोर पकडायचा फार प्रयत्न केला, पण चोर काही त्याच्या हाती लागला नाही.

हंगाम संपला. ढेपांवर बापाचा शिक्का उमटला, गाड्या भरल्या आणि मालक राजधानीला निघाला. ओढ्याकाठावरून एवढ्या गाड्या एकदम जाताना कोणी कधी पाहिल्या नव्हत्या.

राजधानीत कोठारासमोरच्या पटांगणात गुऱ्हाळवाल्यांची रांग लागली होती. तिथली एक जुनी चाल होती. विकणाऱ्याने आपली ढेप आपल्या हाताने फोडायची आणि पहिला खडा आपणच खायचा. भांडारी गूळ खात नसे. तो समोर बसून खाणाऱ्याच्या तोंडाकडे पाही आणि एकच प्रश्न विचारी.

मालकाची पाळी आली. ढेप फोडताना त्याला दिसलं, ती आतून ओलसर होती. त्याने खडा तोंडात टाकला. हंगामात पहिल्यांदाच आपल्या गुळाची चव त्याच्या जिभेला लागत होती.

आधी गोड लागलं. मग त्या गोडामागून खारट चव आली, ती पसरत गेली आणि घशापाशी जाऊन बसली.

"कसा झालाय?" भांडाऱ्याने विचारलं.

 हा प्रश्न मालकाने लहानपणापासून रोज ऐकला होता, पण तो बापाने दुसऱ्याला विचारलेला. त्याला तो कधी कोणी विचारला नव्हता.

त्याच्या मागे भरलेल्या गाड्या उभ्या होत्या. पुढे चार काहिली होत्या, राज्यभरचा शिक्का होता. भांडारी चाखत नाही, हे त्याने मघापासून पाहिलं होतं. गिळायचं, हसायचं आणि 'गोड' म्हणायचं, एवढंच काम होतं. अन्नछत्रातला उपाशी माणूस गूळ खारट आहे म्हणून राजाकडे थोडाच येणार?

त्याने तोंड उघडलं. मग त्याला बाप दिसला. पळसाचं पान पुढे करून परक्या माणसासमोर उभा राहिलेला, आणि जे उत्तर येईल ते ऐकून घ्यायला तयार असलेला.

"खारट झालाय," मालक म्हणाला.

पटांगणात कुजबुज झाली. भांडारी मात्र तसाच बसून होता.

"कधी कळलं?"

"आत्ता. या खड्याबरोबर."

"तुमच्याकडे माणसं किती राबतात?"

"वीसएक."

"वीस माणसं हंगामभर गुळात हात घालून होती आणि कोणी तुम्हाला सांगितलं नाही?"

मालक वळून आपल्या गाड्यांकडे पाहू लागला. भांडारी म्हणाला, "तुम्ही खरं बोललात, म्हणून गाड्या परत न्यायला सोडतो. गोड म्हणून गळ्यात मारला असता, तर माल आणि तुम्ही दोघंही इथेच राहिला असता. पण घरी जाऊन त्या वीस माणसांचं काय ते बघा." राजाचा शिक्का दुसऱ्या गुऱ्हाळाला गेला.

परतीच्या वाटेवर मालक धुमसत होता. माणसं खात होती, यात त्याला आता शंका उरली नव्हती. खात होती, म्हणजे त्यांना कळलं होतं. कळलं होतं, तरी गप्प बसली. आपल्यावर सूड उगवला त्यांनी. मजल-दरमजल करताना हा हिशोब त्याच्या डोक्यात पक्का होत गेला.

दिवस कलायच्या सुमाराला तो गुऱ्हाळावर पोचला. चुलवाण गार होतं. त्याने सगळ्यांना बोलावून घेतलं. माणसं घाबरत आली, गळ्यात फडकी तशीच होती. मालकीणही घरातून येऊन बाजूला उभी राहिली.

"गूळ कसा झालाय हे तुमच्यापैकी कोणाकोणाला ठाऊक होतं?" मालकाने विचारलं. "खरं सांगा."

माणसं एकमेकांकडे पाहू लागली. मालकाने एक ढेप ओढली, जमिनीवर आपटून फोडली आणि प्रत्येकाच्या हातात एकेक खडा ठेवला. माणसं हातातल्या खड्याकडे पाहत उभी राहिली. एकानेही तोंडाकडे हात नेला नाही.

शेवटी गुळव्याने विचारलं, "खायचा का, मालक?"

"खा."

तेव्हा कुठे सगळ्यांनी खडे तोंडात टाकले. क्षणभरात एकेकाचं तोंड वाकडं झालं. मोळ्या वाहणारी म्हातारी थू थू करत म्हणाली, "अगं बाई, मिठाचा गं हा." कोणी कोणाकडे पाहिलं, कोणी पुन्हा हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. गुळव्याने डोळे मिटून घेतले होते.

असं आश्चर्य सोंगाने आणता येत नाही. मालकाला ते कळलं.

"तुम्ही... फडकी बांधल्यापासून एकदाही चाखला नाही?"

"तुमी म्हणाला व्हता, चाखायचं न्हाई," गुळव्या म्हणाला. "आमी चाखलं न्हाई."

"मी नसतानाही?"

गुळव्याला प्रश्नच समजला नाही. "तुमी नसला म्हणून काय झालं?" तो म्हणाला. "तुमचा शब्द व्हता की हितं."

वीस माणसांत एखादा, अगदी एखादाच, मालक समजत होता तसा चोर निघाला असता, तर त्याने पहिल्याच आठवड्यात तोंड वाकडं केलं असतं आणि गुऱ्हाळ वाचलं असतं. पण चोर एकही नव्हता. ज्या माणसांवर त्याने गंजीमागे दडून पाळत ठेवली, त्यांच्या चोरीने त्याचा घात झाला नव्हता. त्यांनी त्याचं तंतोतंत ऐकलं होतं, आणि तेवढ्यानेच घात झाला होता.

मालक चिपाडांच्या ढिगावर खाली बसला. माल गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त त्याला लाज वाटली. सगळ्यांसमोर तो रडला, आणि कोणी दुसरीकडे पाहिलं नाही.

थोड्या वेळाने तो उठला. गोठ्यात जाऊन त्याने दोन्ही बैलांची मुसकी आपल्या हाताने सोडली. म्हाताऱ्या बैलाच्या नाकावर काथ्याने घट्टे पडले होते. मालकाने त्याच्यापुढे ढेपेचा तुकडा धरला. बैलाने तो हुंगला आणि मिठाचा खडा चाटावा तसा आवडीने चाटू लागला.

"चला," मालकीण पदराने डोळे पुसत म्हणाली, "एक गिऱ्हाईक तरी मिळालं."

ते खरंच झालं. तो सगळा गूळ पुढे गावोगावच्या गुरांच्या आंबोणात, म्हणजे भिजवलेल्या खाण्यात, गेला. किंमत आली ती कोंड्याची.

दुसऱ्या दिवशी मालक ओढा ओलांडून धनगराला शोधायला गेला. मेंढरं परक्या शेतात बसली होती. मालक म्हणाला, "चुकलं माझं. पुढच्या साली या."

"रस मिळंल का?" धनगराने विचारलं.

"आधी तुम्हाला, मग राजाला," मालक म्हणाला.

मळा दुरुस्त व्हायला वेळ लागला. मालकाने तुंबलेलं पाणी काढायला चर खणले, जादाची मोट उतरवली, ताग पेरला. बरीचशी जमीन निजू दिली. ऊस थोडा आला, म्हणून गूळही थोडा झाला.

काट्यांचं कुंपण काढलं होतं. काहील उतरली की मालक स्वतः पळसाचं पान पुढे करून उभा राहायचा आणि विचारायचा, "कसा झालाय?" पण बांधलेली तोंडं फडकी सोडली म्हणून लगेच उघडत नाहीत. जो तो म्हणायचा, "गोड आहे, मालक. झकास आहे." मालक हिरमुसायचा. आपण अजून भीतीच ऐकतोय, हे आता त्याला कळत होतं.

मग एका दुपारी धनगर आला. त्याने पानावरचा गूळ खाल्ला, बोटं चाटली आणि म्हणाला, "मालक, धूर लागलाय जरा."

सगळं गुऱ्हाळ थबकलं. चुलवाणाशी बसलेल्याने मान खाली घातली. मालकाने स्वतः एक घास खाल्ला आणि मान डोलावली. "लागलाय खरा," तो म्हणाला. "हा माल बाजूला काढा. याच्यावर शिक्का नको." त्याने चुलवाणावरच्या माणसाला शब्दाने दुखावलं नाही, आणि धनगराच्या घोंगड्यात आदल्या दिवशीची चांगली ढेप बांधून दिली.

तिथून जिभा सैल झाल्या. गुळव्या म्हणू लागला, आजचा पाक घाईचा झाला. म्हातारी म्हणू लागली, वरच्या तुकड्यातला ऊस गोड आहे, तोच आधी तोडा. बाया पुन्हा गाऊ लागल्या. त्यांच्या एका गाण्यात खारट गुळाच्या मालकाची थट्टाही होती, आणि ती ऐकून मालकीण सगळ्यांत मोठ्याने हसायची.

काही वर्षं गेली. अन्नछत्रं वाढली आणि एका गुऱ्हाळाचा गूळ राजाला पुरेनासा झाला. कोठाराचे गाडीवान राज्यभर हिंडत. त्यांच्यातला एक ओढ्याकाठी गूळ खाऊन गेला होता आणि 'कसा झालाय' या प्रश्नाला उत्तरही देऊन गेला होता. त्याने ते भांडाऱ्याला सांगितलं. भांडारी आता थकला होता, तरी तो स्वतः आला. त्याने पळसाच्या पानावरचा गूळ घेतला आणि उभ्या हयातीत पहिल्यांदाच विकणाऱ्याच्या तोंडाकडे न पाहता स्वतः खाल्ला.

"काहिली किती?" त्याने विचारलं.

"एक."

"चार करा. माल मी घेतो."

"करीन," मालक म्हणाला, "पण एकदम नाही. आधी गुऱ्हाळावर खाणारी तोंडं वाढू देत. जेवढी तोंडं खरं सांगतील, तेवढ्याच काहिली मला सांभाळता येतील."

भांडाऱ्याने त्यावर वाद घातला नाही. मालकाचे केस पांढरे होईपर्यंत काहिली चार झाल्या. पण प्रत्येक काहिलीचा पहिला घास परक्या माणसाच्या हातात जात राहिला, आणि दर साली मळ्याचा एक तुकडा ताग पांघरून निजत राहिला. काथ्याचं एक जुनं मुसकं गुऱ्हाळाच्या दारात खुंटीला टांगलेलं असे. नवा माणूस कामाला आला आणि हे कोणत्या बैलाचं म्हणून विचारू लागला, की मालक म्हणायचा, "ते बैलाचं नाही, माझं आहे."

ही गोष्ट ऐकणाऱ्याने एवढं गाठीला बांधावं: राबणाऱ्याच्या तोंडाला जो मुसकं बांधतो, त्याच्या कानांपर्यंत खरं कधी पोचत नाही.